एआरटीच्या गोळ्या घेताय? या चुका टाळा

एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, रोज घ्यायची औषधं. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. समुपदेशक म्हणून लागल्यावर मी बरीच वर्षं हाच प्रश्न विचारत होते आणि ‘हो’ ऐकलं की पुढचं नाव पुकारत होते. आता म्हणते, ‘कशा घेता ते दाखवा.’ ही सवय मला एका काकांमुळे लागली. ते पुढे सांगते, आधी सगळ्यात जुनी चूक.

रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळ्या बंद

रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असं छापून आलं की कुणीतरी उजळ चेहऱ्याने येऊन सांगतं, ‘मॅडम, गेला आजार!’ गेलेला नसतो हो. रक्तात सापडत नाही, एवढंच.

एचआयव्ही आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच स्वतःची प्रत घुसवून ठेवतो. अशा काही सीडी-४ पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वर्षानुवर्षं गपचूप झोपून असतात. गोळ्या विषाणूच्या नव्या प्रती होऊ देत नाहीत, पण झोपलेल्या पेशीचं त्या काहीही करू शकत नाहीत. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात २ ते ४ आठवड्यांत विषाणू परत दिसायला लागतो. म्हणजे तो चांगला रिपोर्ट गोळ्यांचा असतो, तुमच्या तब्येतीचा नव्हे. ‘आढळला नाही’ ही अवस्था टिकली तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. पण त्यातला ‘टिकली तर’ हा भाग लोक सोयीस्कर विसरतात.

याचीच धाकटी बहीण म्हणजे ‘शरीराला जरा विश्रांती’. हा विचार एके काळी डॉक्टरांच्याही डोक्यात होता. ५ हजारांहून जास्त लोकांवर ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यास झाला. त्यात सीडी-४ पेशींचा आकडा चांगला असेल तर काहींच्या गोळ्या थांबवायच्या आणि तो घसरला की परत सुरू करायच्या, असं ठरलं होतं. विश्रांती घेणाऱ्यांमध्ये आजारपण आणि मृत्यू इतके जास्त निघाले की २००६ मध्ये तो प्रकार मध्येच थांबवावा लागला. त्यामुळे माझ्यासमोर कुणी विश्रांतीची भाषा काढली की माझा आवाज चढतो, हे मला मान्य आहे.

ज्यांना सोबत हेपॅटायटिस बी आहे त्यांनी तर हा विचारही करू नये. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही एआरटीतली औषधं त्यालाही दाबून धरतात. ती अचानक सुटली की यकृत भडकू शकतं.

गोळीसोबत दुसरं काय पोटात जातं?

आता काकांची गोष्ट. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकाच गोळीत, रोज एक. इतकं सोपं औषध. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी केली, तर हजाराच्या वर! नियमाप्रमाणे तीन महिने समुपदेशन. मी बाटली उपडी करून गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. पुढच्या महिन्यात मोजल्या, परत बरोबर. माझ्या मनात एकच, हे गोळ्या टाकून देतात आणि मला शिल्लक दाखवतात. तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. काका मान खाली घालून ऐकत राहिले. तीन महिन्यांनी परत तपासणी, परत लोड वरच.

त्या दिवशी वैतागून म्हटलं, ‘काका, आजची गोळी माझ्यासमोर घ्या.’ त्यांनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. मग दुसरी बाटली काढली, ॲसिडिटीच्या गुलाबी पातळ औषधाची. झाकणभर औषध ओतलं, गोळी जिभेवर ठेवली आणि त्या औषधाबरोबरच गिळली. वर मलाच समजावलं, ‘नुसती घेतली की जळजळते ना, म्हणून.’

नऊ महिने रोज हेच चाललं होतं. अँटासिडमधलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोलुटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं. दोन्ही एकदम घेतली तर औषधाचा जेमतेम चौथा हिस्सा रक्तात पोचतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही उपाशीपोटी सोबत घेतल्या तर हेच करतात, थोडं कमी प्रमाणात. उपाय साधा आहे. अँटासिडच्या आधी २ तास किंवा नंतर ६ तासांनी ही गोळी घ्यायची. कॅल्शियम-लोहाचंही तेच, फक्त ती जेवणासोबत एकत्र घेतली तर चालतात. अँटासिडला ही सवलत नाही.

काकांनी वेळ बदलली, तीन महिन्यांनी विषाणू दिसेनासा झाला. नशीब, तोवर त्याने औषधाला प्रतिकार कमावला नव्हता. काकांची मी माफी मागितली. तेव्हापासून पहिल्याच भेटीत सांगते, येताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. कागदावर लिहून आणू नका, बाटल्याच आणा. लिहिताना माणूस ‘खरी औषधं’ तेवढी लिहितो. ॲसिडिटीचं, ताकदीचं आणि कुणीतरी दिलेलं चूर्ण त्याच्या हिशेबात औषधच नसतं.

बाकीच्या, पटापट

गोळी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या वेळेला ४ तासांहून कमी उरले असतील तर ती सोडा. दोन एकदम घेऊ नका.

टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोलुटेग्रॅव्हिर सहसा दिवसातून दोनदा लागतं. दोन ठिकाणी उपचार चालू असतील तर दोन्हीकडे सांगा. ‘त्यांना कळू नये’ म्हणून लपवणाऱ्यांचंच नुकसान होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही सांगा, कारण डोलुटेग्रॅव्हिरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आपल्या गोळ्यांतल्या निम्म्या जोडीदाराला देऊन ‘दोघांचं भागवणं’ म्हणजे दोघांच्याही शरीरात विषाणूला प्रतिकार शिकवणं.

एआरटी सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप आला किंवा गाठ सुजली तर ‘औषध मानवत नाही’ असं स्वतःच ठरवू नका. प्रतिकारशक्ती जागी होते तेव्हा आत दडलेला संसर्ग उघडा पडतो. गोळ्या न थांबवता त्याच दिवशी दाखवायला या.

मात्र अबाकाव्हिर हे एआरटीतलं दुसरं औषध घेताना ताप, पुरळ, उलट्या असं सगळं एकदम सुरू झालं तर लगेच डॉक्टर गाठा. त्या ॲलर्जीमुळे औषध एकदा बंद झालं की ते पुन्हा कधीच घ्यायचं नसतं. दुसऱ्यांदा जिवावर बेतू शकतं.

बाटलीतली ती छोटी पुडी ओल शोषून घेण्यासाठी असते. ती फेकू नका, खाऊही नका. हसू नका, दोन्ही झालेलं आहे.

आणि पंधरा दिवसांत ‘लोड करून बघू या का?’ म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं. सहाव्या महिन्यात करू. तोवर रोज एक ठरावीक वेळ पाळा, जी तुम्हाला दारू प्यायलेल्या दिवशीही पाळता येईल. मी स्वतः लोकांना दात घासण्याच्या वेळेला बांधून देते. मोबाइलचा गजर लोक बंद करून झोपतात.