शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा मराठवाड्यात सांभाळायचा असेल तर

शर्यतीचा घोडा साधारण दोन वर्षांचा झाला की धावपट्टीवर उतरतो आणि बहुतेकांची कारकीर्द सहा-सात वर्षांच्या वयापर्यंत आटोपते. नीट सांभाळ झाला तर हाच घोडा पंचवीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. ज्या कामासाठी त्याला जन्माला घातले ते संपल्यावर त्याच्यापुढे जवळपास वीस वर्षे उरतात, आणि त्यांची तरतूद बहुधा कोणी केलेली नसते. निवडक नर आणि चांगल्या वंशाच्या घोड्या पैदाशीसाठी राखल्या जातात, काही घोडे पोलोकडे किंवा घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थांकडे जातात. उरलेले विकले जातात, पुन्हा विकले जातात, आणि दर विक्रीला किमतीबरोबर त्यांचा सांभाळही एक पायरी खाली उतरतो. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांची रपेट, मग वरात, मग टांगा, आणि शेवटी एखाद्या बाजारातल्या दलालाची दावण. नावलौकिकानेही यातून सुटका होतेच असे नाही. १९८६ साली अमेरिकेतली केंटकी डर्बी जिंकलेला फर्डिनंड पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि २००२ साली तिथल्या कत्तलखान्यात संपला, हे पुढच्या वर्षी उघड झाले. ब्रिटनमध्ये शर्यतविश्वाने अशा घोड्यांना दुसरे काम शिकवण्यासाठी २००० साली स्वतंत्र संस्था उभी केली. आपल्याकडे हे काम अजून बरेचसे वैयक्तिक हौसेवर आणि दयेवर चालते.

मुंबई, पुणे आणि हैदराबाद या तिन्ही ठिकाणच्या धावपट्ट्यांवरून उतरलेले घोडे मराठवाड्यात येऊ शकतात. नांदेडकरांना तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. एखाद्या परिचिताने ‘फुकट नेता का’ असे विचारल्यावर मन विरघळते. परंतु घोडा आपल्या दारात आल्यावर विक्रीची ही साखळी तिथेच थांबणार असेल, तरच होकार द्यावा. दोन वर्षांनी जड झाला म्हणून आपणही त्याला पुढे ढकलणार असू, तर त्या उतरणीतली आणखी एक पायरी होण्यापलीकडे आपण काही साधत नाही.

आधी चारा आणि पाणी मोजावे

थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या, घोड्याचे वजन साधारण ४५० ते ५५० किलो असते. त्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे दिवसाला सुमारे दहा किलो आणि वर्षाला साडेतीन टनांहून अधिक. पाणी एरवी तीस ते चाळीस लिटर पुरते, पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की ही गरज बरीच वाढते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ज्यांना आठवते त्यांनी विहिरीची आणि बोअरची पातळी पावसाळ्यात नव्हे, तर एप्रिलअखेरीस पाहून निर्णय घ्यावा. वर्षभराचा सुका चारा सुगीतच भरून ठेवता येत नसेल, तर घोडा घेऊ नये. ऐन दुष्काळात चाऱ्याचे भाव चढतात तेव्हाच जनावरे बाजारात उतरतात आणि घोड्याला तर गिऱ्हाईकही मिळत नाही.

गाईगुरांचा अनुभव इथे उपयोगी पडतो, तसा तो दगाही देतो. घोडा रवंथ करणारे जनावर नाही; त्याचे जठर लहान असते, त्याला उलटी करता येत नाही आणि त्याचे आतडे दिवसभर थोड्या थोड्या चाऱ्यावर चालते. मुख्य आहार म्हणून मारवेलसारखे स्वच्छ, वाळलेले गवत उत्तम. आपल्याकडे मुबलक असलेला ज्वारीचा कडबा पूर्ण वाळलेला, बुरशी नसलेला आणि कुट्टी केलेला असेल, तर गवतात मिसळून देता येतो, मात्र केवळ त्यावर घोडा ठेवू नये. कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली हिरवी ज्वारी अजिबात देऊ नये, कारण तीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. उसाचे वाढे आणि हत्तीघास यांतले ऑक्झलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. गायीच्या पोटातले जिवाणू ते पचवतात, घोड्याची हाडे मात्र महिनोन्‌महिने अशा चाऱ्यावर ठिसूळ होतात आणि चेहऱ्याचे हाड सुजते. गव्हाचा कोंडा अतिरेकाने दिल्यासही हाच परिणाम होतो. भुरा आलेला मका घोड्याच्या मेंदूला इजा करतो. लसूणघास चांगला, पण मुठीच्या मापाने. कोंबडीच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध घातलेले असते. कोंबडीला जे चालते त्याची थोडीशी मात्राही घोड्याचे हृदय बंद पाडू शकते, त्यामुळे पोल्ट्रीचे पोते आणि घोड्याची चंदी, म्हणजे त्याचा दाणा, एका खोलीत ठेवू नये. गोचिडांवर गोठ्यात सर्रास फवारले जाणारे अमिट्राझ घोड्याच्या आतड्याची हालचाल थांबवते, तेही त्याच्या अंगावर वापरू नये.

हा परिच्छेद लांबला, पण आपल्या भागात घोड्यांना होणारा बराचसा त्रास दुष्टपणातून होत नाही, तर ‘बैलाला चालते, याला का नको’ या समजुतीतून होतो.

घेताना

थरोब्रेडची नोंद त्यांच्या वंशाची नोंदवही ठेवणाऱ्या पुण्यातील भारतीय स्टड बुक प्राधिकरणाकडे असते आणि हल्लीच्या घोड्याच्या मानेत ओळखीची चिप असते. घोडा देणाऱ्याकडून त्याचे ओळखपत्र, मालकी सोडल्याचे सहीचे पत्र आणि यापुढे हा घोडा शर्यतीत उतरवला जाणार नाही असा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा. हे कागद नसतील तर नंतर वाद झाल्यास घोडा कोणाचा हेच सिद्ध करता येत नाही. आमच्याकडचा पहिला घोडा मी एका दलालाच्या तोंडी शब्दावर घेतला. ‘पायाला किरकोळ लागले आहे’ असे त्याने सांगितले होते; प्रत्यक्षात पुढच्या पायाच्या मागील शिरेची, म्हणजे स्नायूबंधाची, जुनी फाटलेली दुखापत होती, आणि चिप तपासली तेव्हा घोड्याचे नाव आणि वय दोन्ही निराळे निघाले. चूक दलालाची होती तशी माझीही होती. मी पशुवैद्याला सोबत नेले नव्हते.

पशुवैद्याने घोडा कडक जमिनीवर सरळ आणि वर्तुळात चालवून, दुडक्या चालीने पळवून पाहावा, पुढच्या पायांच्या शिरा बोटांनी चाचपाव्यात, गरमपणा आणि सूज तपासावी, छाती ऐकावी आणि डोळे व दात पाहावेत. शिरेच्या दुखापतीला भरून यायला नऊ ते बारा महिने लागतात. असा घोडा नंतर शांत रपेटीला चालू शकतो, मात्र भरधाव धावण्याचे काम त्याला पुन्हा देऊ नये. जोरात धावल्यावर नाकातून रक्त येण्याचा, पोटात व्रण असण्याचा आणि ठाणावर उभ्या उभ्या डुलण्याचा किंवा दातांनी लाकूड धरून हवा गिळण्याचा इतिहास आहे का, हेही आधीच विचारावे. यातल्या कोणत्याही कारणाने घोडा नाकारलाच पाहिजे असे नाही, पण त्याच्या खर्चाचा आणि उपयोगाचा अंदाज बदलतो.

ग्लँडर्स या रोगाची तपासणी झाल्याशिवाय घोडा हलवू नये. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लागण झालेल्या घोड्याला मारण्यावाचून उपाय उरत नाही आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची माहिती सरकारला देणे बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना पशुवैद्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. वाहतुकीसाठी प्रकृतीचा दाखला लागतो. गाडीच्या तळाला वाळू किंवा गवताचा थर असावा, दर तीन-चार तासांनी थांबून पाणी पाजावे, आणि दोर इतका आखूड बांधू नये की त्याला मान खाली करता येणार नाही. मान तासन्‌तास वर राहिली तर घशातली घाण बाहेर पडत नाही आणि मुक्कामी पोहोचल्यावर फुप्फुसाला संसर्ग होतो. उन्हाळ्यात प्रवास रात्रीच करावा.

पहिले सहा महिने

‘घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले’ या जुन्या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आपण लहानपणी पाठ केलेले असते. शर्यतीच्या घोड्याला मात्र दिवसातले बावीस-तेवीस तास ठाणात उभे राहण्याची आणि उरलेला वेळ धावण्याची सवय असते. मोकळे फिरणे त्याला नवे असते. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला मोठ्या रानात सोडू नये. पहिले आठ-दहा दिवस लहान कुंपणात, मग हळूहळू मोठ्या जागेत, असा क्रम ठेवावा. काटेरी तार वापरू नये. लाकडी आडवे दांडे किंवा नीट दिसणारा जाड पट्टा लावावा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात आणि त्यांत अडकून पाय मोडू शकतो. पावसाळ्यात तीच माती चिखल होते आणि खुरांच्या तळव्याला कुज लागते. उभे राहण्याची जागा मुरूम टाकून उंच करावी आणि खूर रोज खरवडून स्वच्छ करावेत. शर्यतीचे हलके अॅल्युमिनियमचे नाल काढून टाकावेत आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे. चांगला नालबंद तालुक्याला मिळेलच असे नाही. मिळाला तर त्याला जपावे.

तबेल्यात त्याला जी चंदी मिळत होती ती धावण्यासाठी होती. ओट आणि इतर दाणा दोन ते तीन आठवड्यांत पायरी-पायरीने कमी करावा आणि गवत वाढवावे, एकदम काहीही बदलू नये. भिजवलेला हरभरा थोडाच द्यावा. मिठाचा खडा कायम समोर असावा, कारण घोडा घामावाटे पुष्कळ मीठ गमावतो. उकाड्यात श्वास जोरात चालू असून अंग कोरडे दिसले, तर त्याची घाम येण्याची क्रिया बंद पडली असण्याची शक्यता आहे. लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

एकटा घोडा खंगतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर गाढव किंवा शेळी सोबतीला चालते. आमच्या दुसऱ्या घोड्याने एका उस्मानाबादी शेळीशी इतके सख्य केले आहे की तिला दोहायला बाजूला नेले तरी तो ओरडतो.

बसण्याची घाई तीन-चार महिने तरी करू नये. या घोड्याला लगाम ताणल्यावर थांबायचे नव्हे, तर लगामावर भार टाकून आणखी जोरात पळायचे शिकवलेले असते. स्वाराच्या पायांचा इशारा त्याला ठाऊक नसतो, आणि स्वार चढताना स्थिर उभे राहणे हेही त्याला नवेच. जमिनीवरून लांब दोरीने चालणे, थांबणे, मागे सरकणे, दोन्ही बाजूंना वळणे एवढेच सुरुवातीला शिकवावे. गोंगाटाची जागा टाळावी. वरातीसाठी मागणी हमखास येते आणि एका रात्रीचे पैसे मोहात पाडतात. डीजे, फटाके आणि पाठीवर घाबरलेला नवरदेव यांच्यात धावण्यासाठी घडवलेले जनावर उभे करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय. घोडी असेल तर शिंगरू घेण्याचाही मोह टाळावा, कारण वीस-पंचवीस वर्षांची आणखी एक जबाबदारी त्यातून उभी राहते.

आजारपण आणि अखेर

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर बहुतेक वेळ गाई-म्हशींत असतात, म्हणून घोड्याचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा आधार मोठा आहे. धनुर्वाताची लस दरवर्षी द्यावी, कारण घोडा या रोगाला अतिशय लवकर बळी पडतो, रेबीजचीही द्यावी. डांस माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग पावसाळ्यात आणि त्यानंतर होतो. अधूनमधून येणारा ताप आणि पायांवर व पोटाखाली येणारी सूज दिसताच रक्त तपासावे. निरोगी घोड्याचे तापमान साधारण १०० अंश फॅरेनहाइट आणि विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

पोटशूळ हे घोड्याच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. तो पोटाकडे वळून पाहतो, जमीन खरवडतो, लोळतो, शेण पडत नाही. अशा वेळी चारा काढून घ्यावा, डॉक्टरांना फोन करावा आणि सोसत असेल तोवर सावकाश चालवावे. बैलाला पाजतात तसे नळकांड्याने तेल कधीही पाजू नये. ते फुप्फुसात जाते.

कधी तरी घोड्याच्या वेदना औषधाने आवरत नाहीत, तो उठू शकत नाही किंवा दात झिजून खाऊ शकत नाही. तेव्हा त्याला बाजारात नेणे किंवा रस्त्यावर सोडणे हा निर्णय टाळण्याचाच प्रकार असतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असह्य वेदनेतील जनावराला वेदनारहित मृत्यू देण्याची तरतूद आहे आणि पशुवैद्य ते काम काही मिनिटांत करू शकतो. त्याचा खर्च, खड्ड्यासाठी जेसीबी आणि विहिरी-नाल्यांपासून दूर असलेली जागा, हे सारे घोडा धडधाकट असतानाच ठरवून ठेवावे. पुरताना खड्डा खोल घ्यावा आणि त्यात चुना टाकावा. भूल देण्याच्या औषधाने मारलेले कलेवर उघड्यावर टाकल्यास ते खाणारी गिधाडे आणि कुत्रीही मरतात. त्यानंतर ओळखपत्रावर मृत्यूची तारीख घालून ते पुण्याला स्टड बुककडे परत पाठवावे, म्हणजे त्या नावावर पुढे कोणी दुसरा घोडा विकणार नाही.