कपाटातला कॅमेरा वेबकॅम म्हणून कसा वापरायचा

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात चेहरा एवढा मळकट का दिसतो? कारण त्याचा सेन्सर अगदी चिमुकला असतो, काही मिलिमीटरचा, आणि संध्याकाळच्या उजेडात त्याला नीट दिसतच नाही. याउलट साध्यातल्या साध्या, लेन्स बदलता येणाऱ्या एपीएस-सी (हे सेन्सरच्या आकाराचं नाव) डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे त्याच खोलीत, त्याच ट्यूबलाइटखाली तो कितीतरी जास्त प्रकाश गोळा करतो, त्यामुळे ऑनलाइन शिकवणी असो, मुलाखत असो की रोजची मीटिंग, घरात चांगला कॅमेरा पडून असेल तर नवा वेबकॅम घ्यायची घाई करू नका.

माझं एकच म्हणणं आहे, काहीही विकत घ्यायच्या आधी तुमच्या कॅमेऱ्यातून काय बाहेर येतं ते बघा. बरेच जण आधी कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरला पोचवणारं छोटं उपकरण) मागवतात आणि मग कळतं की त्यांच्या कॅमेऱ्याला त्याची गरजच नव्हती.

पायरी १ : तुमचा कॅमेरा कुठल्या रस्त्याने जातो ते ठरवा

रस्ते तीन आहेत, सोप्याकडून अवघडाकडे असे बघत जा.

पहिला रस्ता म्हणजे नुसती यूएसबी केबल. अलीकडचे बरेच कॅमेरे कॉम्प्युटरला लावले की थेट वेबकॅम म्हणूनच ओळखले जातात, कुठलंही सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. याला यूव्हीसी म्हणतात. मेनूमध्ये यूएसबी कनेक्शनच्या भागात शोधा, सोनीच्या झेडव्ही-ई१० मध्ये ते यूएसबी स्ट्रीमिंग नावाने आहे, कॅननच्या आर५० मध्ये व्हिडिओ कॉल्स/स्ट्रीमिंग म्हणून. तो पर्याय निवडा, केबल लावा, मीटिंगच्या ॲपमध्ये कॅमेऱ्यांच्या यादीत नाव दिसेल, संपलं काम.

दुसरा रस्ता कंपनीच्या सॉफ्टवेअरचा. २०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागले तेव्हा कॅनन, फुजीफिल्म, सोनी, निकॉन या सगळ्यांनी आपापली वेबकॅम सॉफ्टवेअर्स काढली, त्यामुळे थोडे जुने कॅमेरेसुद्धा यूएसबीवरून चालायला लागले. कंपनीच्या साइटवर मॉडेलची यादी असते, त्यात तुमचं मॉडेल आणि तुमची विंडोज किंवा मॅकची आवृत्ती दोन्ही आहेत का ते आधी बघा. इथे कॅमेरा खरं तर त्याच्या मागच्या स्क्रीनवरचं लाइव्ह व्ह्यूचं चित्रच पाठवत असतो, म्हणून बऱ्याच मॉडेल्सवर ते १०२४ बाय ५७६ पिक्सेल एवढंच मिळतं, आणि आवाज बहुतेक वेळा येत नाही. आकडा लहान वाटला तरी मीटिंगच्या छोट्या चौकटीत ते मोठ्या सेन्सरमुळे छानच दिसतं. लिनक्सवाल्यांना हेच काम जीफोटो२ आणि व्ही४एल२लूपबॅक ही सॉफ्टवेअर्स वापरून जमतं.

तिसरा रस्ता एचडीएमआय आणि कॅप्चर कार्ड. कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमधून केबल निघते, पेन ड्राइव्हएवढ्या कॅप्चर कार्डात, म्हणजे डोंगलमध्ये, जाते आणि तो डोंगल यूएसबीत. चित्र सगळ्यात चांगलं इथेच मिळतं. डोंगल घेताना खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असलं तरी बारीक अक्षरं वाचा, स्वस्त डोंगल ४के आत घेतो पण कॉम्प्युटरला १०८०पी च देतो, आणि यूएसबी २.० चा असेल तर तेही दाबून बारीक केलेलं असतं. मीटिंगला तेवढं भरपूर आहे. रोज रेकॉर्डिंग करणार असाल तर यूएसबी ३.० चा घ्या.

पायरी २ : केबल

ही पायरी क्षुल्लक वाटते पण निम्मे लोक इथेच अडकतात. यूएसबीच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही, आणि आपण तासभर सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. कॅमेरा दिसत नसेल तर पहिल्यांदा केबल बदला, मग बाकीचं.

एचडीएमआयचं भोकही नीट बघा, कॅमेऱ्यावर ते मोठं, मिनी किंवा मायक्रो यापैकी काहीही असतं. मायक्रो फार नाजूक. कॅमेरा स्टँडवर, केबल खाली लोंबकळतेय आणि तिचं सगळं वजन त्या इवल्याशा पिनवर, असं महिनाभर चाललं की भोक सैल होतं आणि चित्र मध्येच काळं व्हायला लागतं. केबलचा एक वेढा स्टँडच्या दांड्याभोवती घ्या आणि वेल्क्रोने बांधून टाका, म्हणजे ओढ दांड्यावर येते.

पायरी ३ : स्क्रीनवरची गिचमिड घालवा

हे फक्त एचडीएमआयवाल्यांसाठी. डोंगल लावल्यावर पहिल्यांदा जे दिसतं त्यात तुमच्या चेहऱ्यावर पांढरी चौकट, कोपऱ्यात बॅटरी, खाली शटरचे आकडे, सगळं असतं. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय इन्फो डिस्प्ले असा किंवा त्यासारखा पर्याय असतो, तो ऑफ करा. काही मॉडेल्समध्ये, खास करून सुरुवातीच्या पातळीच्या जुन्या डीएसएलआरमध्ये, हे बंदच होत नाही. तुमच्या मॉडेलला क्लीन एचडीएमआय, म्हणजे ही गिचमिड नसलेलं नुसतं चित्र, आहे का हे म्हणूनच डोंगल घ्यायच्या आधी शोधायचं.

पायरी ४ : वीज

माझी एक महत्त्वाची मुलाखत चालू होती, सगळं मस्त, आणि ऐन उत्तराच्या मध्यात माझी चौकट काळी पडली. कॅमेरा झोपला होता, कारण कोणी बटण दाबत नाही म्हटल्यावर तो काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. तेव्हापासून मी सगळ्यात आधी ऑटो पॉवर ऑफ बंद करतो, तुम्हीही करा.

बॅटरीवर सतत व्हिडिओ चालवला तर साधारण दीड-दोन तासांत ती संपते. यूएसबीवरून चालू असतानाच वीज घेणारा कॅमेरा असेल तर उत्तम, नसेल तर डमी बॅटरी घ्या. ती बॅटरीच्याच आकाराची असते, तिला वायर असते, दुसरं टोक भिंतीतल्या प्लगमध्ये. बॅटरीच्या झाकणाजवळ एक छोटा रबरी खटका असतो तो उघडून वायर बाहेर काढायची, म्हणजे झाकण नीट बंद होतं. झाकण उघडं राहिलं तर बरेच कॅमेरे चालूच होत नाहीत.

आणि रेकॉर्डचं बटण दाबायचं नाही. नुसता व्हिडिओ मोडवर ठेवायचा. जुन्या कॅमेऱ्यांमध्ये रेकॉर्डिंगला २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असते, पण ती कार्डवर रेकॉर्ड करताना लागते. सेन्सर तापू नये म्हणून मागची स्क्रीन कॅमेऱ्याच्या अंगापासून दूर उघडून ठेवा.

पायरी ५ : कॅमेऱ्याचं सेटिंग

ऑटोवर सोडलं तर तुम्ही हात हलवला की उजेड वर-खाली होतो, पांढरा शर्ट घालून पुढे झुकलात की चेहरा काळवंडतो, म्हणून मॅन्युअल. शटर (सेन्सरवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा तो) खोलीतल्या विजेप्रमाणे, ५० हर्ट्झची वीज असेल तिथे १/५० सेकंद, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०, नाहीतर दिव्याचे पट्टे चित्रात सरकताना दिसतात. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक, एफ २.८ ते एफ ४, त्याहून उघडं ठेवलं तर नाक फोकसमध्ये आणि कान धूसर. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, जमेल तेवढा कमी. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवणं) एकदा ठरवून लॉक. फोकस सततच्या ऑटोवर आणि चेहरा ओळखण्याचा पर्याय चालू, आणि जुन्या डीएसएलआरचा फोकस सारखा पुढे-मागे शोधत बसत असेल तर मॅन्युअल करा, तुम्ही त्याच खुर्चीत बसणार आहात.

लेन्स फार रुंद नको, जवळून रुंद लेन्सने नाक मोठं दिसतं. कॅमेऱ्याच्या किटबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स साधारण २४ ते ३० च्या आसपास ठेवली की टेबलापलीकडून छान बसतं.

पायरी ६ : आवाज

चित्र डोंगलमधून फिरून येतं म्हणून ते आवाजापेक्षा क्षणभर मागे पडतं, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. हेडसेट किंवा वेगळा माइक थेट कॉम्प्युटरला लावा, मीटिंगला थोडा फरक चालतो. रेकॉर्डिंग करत असाल तर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये सिंक ऑफसेट आहे, चित्राबरोबर टाळी वाजवून बघत बघत मिलिसेकंद वाढवत जा. ओबीएसमध्ये २०२० पासून व्हर्च्युअल कॅमेराही आहे, त्यात चित्र कापून, रंग सुधारून मग मीटिंगला देता येतं.

पायरी ७ : जागा

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, स्क्रीनच्या बरोबर वर, आणि मीटिंगची खिडकी ओढून लेन्सच्या अगदी खाली आणा, म्हणजे समोरच्याशी बोलताना नजर आपोआप लेन्सजवळ राहते. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. हे एवढं केलं तरी चित्र बदलतं.

शेवटी मीटिंगच्या आदल्या दिवशी तासभर चालू ठेवून बघा, कॅमेरा झोपतो का, तापतो का ते तेव्हाच कळेल. चित्र काळं आलं तर आधी बघा दुसऱ्या कुठल्या ॲपने कॅमेरा धरून ठेवलाय का, फोटो इम्पोर्ट करणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा मागे चालू असतं आणि एका वेळी साधारणपणे एकालाच चित्र मिळतं. ते बंद करा, केबल काढून परत लावा.