कोरड्या भागातली कपाशी: पाणी आणि खत एकाच हिशेबाने कसे द्यावे

कपाशी उन्हाला घाबरत नाही. तिचे सोटमूळ जागा मिळाली तर दीड मीटरपर्यंत खाली जाते. तरीही पूर्ण हंगामात तिला 700 ते 1300 मिलिमीटर पाणी लागते, आणि शुष्क भागात वर्षाचा पाऊस 250 मिलिमीटरच्या आतच असतो. उरलेले सगळे आपण द्यायचे. खतही त्या पाण्यावरच अवलंबून आहे, कारण ओल असेल तिथूनच मूळ अन्नद्रव्य उचलते. विम्ल (आम्लाच्या उलट गुणाच्या) मातीवर उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून पाण्याचे आणि खताचे वेळापत्रक वेगवेगळे करू नका.

1. पेरणीआधी

माती आणि पाणी, दोन्ही तपासून घ्या. अनेक जण मातीवरच थांबतात, पण विहिरीचे पाणी खारे असेल तर प्रत्येक पाळीला आपण शेतात क्षारच ओतत असतो. मोठी झालेली कपाशी क्षार चांगले सोसते. मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, 7.7 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असली तरी उत्पादन सहसा घटत नाही. उगवणारे रोप मात्र फार नाजूक असते. त्यामुळे पेरणीआधी एक भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकला आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की पेरा.

स्फुरद (फॉस्फरस) पेरणीच्या वेळीच द्या. बियाण्याच्या थोडे खाली आणि बाजूला, पट्ट्यात पेरून द्या. चुनखडीच्या जमिनीत तो फेकून दिला तर मातीच त्याला धरून ठेवते.

2. रोजचे पाणी मोजा

हवामान केंद्राकडून मिळणारे संदर्भ बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि प्रमाण गवतातून दिवसाला उडणारे पाणी) घ्या आणि त्याला पीक गुणांकाने, म्हणजे त्या अवस्थेत कपाशीला त्याच्या किती पट पाणी लागते त्या आकड्याने, गुणा. हा गुणांक सुरुवातीला 0.35 असतो, भर फुलोऱ्यात 1.15 ते 1.2. समजा, बाष्पोत्सर्जन 8 मिलिमीटर आहे आणि लागवड 120 × 45 सेंटिमीटरवर आहे, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला 0.54 चौरस मीटर जागा. चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. रोपावस्थेत 8 × 0.35 × 0.54, म्हणजे दिवसाला सुमारे दीड लिटर. फुलोऱ्यात 8 × 1.15 × 0.54, म्हणजे जवळपास 5 लिटर. ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर साडेपाच लिटर सोडा. दोन्ही अवस्थांत ठिबक तेवढाच वेळ चालवणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. रोप पाण्यात लोळते आणि बोंडे तहानेली राहतात.

उगवणीनंतर हात थोडा आखडता ठेवा, म्हणजे मुळे ओल शोधत खाली जातील. पाते (फुलाची कळी) लागल्यापासून बोंडे भरेपर्यंत मात्र ताण पडू देऊ नका. या काळात पाते आणि कोवळी बोंडे गळतात ती कमी पाण्याने, तशीच साचलेल्या पाण्यानेही. दुपारी पाने मलूल दिसली तर घाबरू नका. सकाळीही ती सावरलेली नसतील तर पाण्याला उशीर झालेला आहे.

3. खत पाण्यातून सोडा

आधी थोडा वेळ नुसते पाणी, मग खत, शेवटी पुन्हा नुसते पाणी. आधीच्या पाण्याने माती ओली होते आणि शेवटच्याने नळ्या स्वच्छ होतात. फक्त शेवटचे पाणी फार लांबवू नका, नाहीतर नत्र (नायट्रोजन) मुळांच्या खाली निघून जाते. कॅल्शियमचे खत फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतासोबत एकाच टाकीत मिसळू नका. साका बसून तोट्या बुजतात.

माती परीक्षणातून ठरलेल्या नत्राचा साधारण पाचवा हिस्सा पाते लागेपर्यंत पुरतो. बाकीचे त्यानंतर आठवड्याच्या हप्त्यांनी द्या. पालाशचा (पोटॅशचा) भर बोंडे भरण्याच्या काळात असू द्या. जास्तीच्या नत्राने झाड नुसते माजते, रसशोषक किडींना कोवळा पाला मिळतो आणि बोंडे उशिरा फुटतात.

4. क्षारांवर नजर

ठिबकमध्ये क्षार ओल्या भागाच्या कडेला पांढऱ्या रेषेसारखे जमतात. हलका पाऊस आला की ते विरघळून थेट मुळांकडे सरकतात. म्हणून अशा पावसात ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. पाऊस पडत असताना पाणी देणे विचित्र वाटेल, पण त्यानेच क्षार मुळांपासून दूर राहतात. पाण्याचा निचरा होण्याची सोयही हवीच. मध्य आशियात अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांच्या खोऱ्यांत कापसासाठी अमाप पाणी वळवले गेले; अरल समुद्र आटला आणि निचऱ्याअभावी तिथल्या मोठ्या क्षेत्रावर मीठ वर आले.

5. कुठे थांबायचे

झाडावर सर्वांत वर उमललेले पांढरे फूल शोधा आणि त्याच्यावरची खोडाची पेरी (पान फुटते त्या गाठी) मोजा. संख्या पाचवर आली की वाढ संपत आली असे समजा आणि नत्र बंद करा. पाणी मात्र लगेच तोडू नका, त्या वरच्या फुलांची बोंडे अजून भरायची असतात. पहिली बोंडे फुटू लागली की पाळ्या कमी करत न्या. भारी जमीन ओल धरते, तिथे लवकर थांबता येते. वाळूच्या जमिनीत एक-दोन हलक्या पाळ्या जास्त लागतात.