पुळणीवरून कयाक न्यायची गाडी: आधी चाकं, मग सांगाडा

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी; ती पाण्यापर्यंत न्यायला दोन चाकांची हातगाडी लागते. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर कुठलीही गाडी चालते. खरी परीक्षा असते ती भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या पट्ट्यात. तारकर्ली किंवा गुहागरच्या तसल्या भुसभुशीत वाळूत सायकलची बारीक चाकं लगेच रुततात, आणि मग गाडी नांगरासारखी ओढावी लागते. म्हणून बहुतेक पैसा चाकांवर घाला. सांगाडा साध्या नळ्यांचा चालतो.

मऊ टायर वाळूला जिथे टेकतो, तिथला दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. कयाक २५ किलोची आणि सामान ७ किलोचं धरलं, तर एका चाकावर १६ किलो येतात. टायरमध्ये ३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर हा भार सुमारे ७५ चौरस सेंटिमीटरवर पसरतो. ४० पीएसआयच्या टायरला जेमतेम ६ चौरस सेंटिमीटर मिळतात. पुरेशी जागा मिळेपर्यंत तो खाली जातच राहतो. तेव्हा ३० सेमी व्यासाची, १५ ते १८ सेमी रुंद, फुग्यासारखी बलून चाकं घ्या आणि हवा २ ते ४ पीएसआयच ठेवा. ती हातपंपानेच भरा, कारण पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने असं चाक क्षणात फाटतं. सकाळी टम्म भरलेलं चाक दुपारच्या उन्हात आणखी फुगतं, हेही ध्यानात असू द्या.

बॉल बेअरिंगची चाकं नकोत. खारं पाणी आणि बारीक रेती त्यांना एका मोसमात जाम करते. नायलॉनची बुश (चाक आणि दांडा यांच्यामध्ये बसणारी बाही) पुरते; चाकाचं भोक मोठं निघालं तर लेथवाला मापाची करून देईल.

सांगाड्याला १ इंची शेड्यूल ८० (जाड भिंतीची) यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकची नळी ३ मीटर, चार टी (तीन तोंडांचे जोड) आणि चार एल्बो (काटकोनी जोड) लागतील. तुकडे असे कापा: ३० सेमीचे तीन, २० सेमीचे चार, १८ सेमीचे दोन आणि ८ सेमीचे दोन. ३० सेमीचा एक तुकडा खाली दोन टींच्या मध्ये बसतो आणि त्यांच्या बाहेरच्या तोंडांत ८ सेमीचे. १८ सेमीचे खांब वरच्या दोन टींना जातात. उरलेल्या तुकड्यांची आणि एल्बोंची वर चौकट होते. आधी सगळं कोरडंच जोडून सपाट फरशीवर ठेवून बघा. सॉल्व्हंट सिमेंट (नळ्या चिकटवायचा द्रव) लगेच धरतं. एक खांब तिरका चिकटला की गाडी कायमची एका बाजूला ओढते. सिमेंट लावल्यावर पूर्ण दिवस हात लावू नका.

नुसती नळी वाकते, म्हणून खालच्या आडव्या नळीतून २० मिमीचा स्टेनलेस दांडा आरपार घाला. ३१६ ग्रेड मिळाला तर उत्तम. ३०४ वर तांबूस डाग पडतात, पण काम भागतं. दांडा १ मीटर घ्या, चाकं चढवून मगच जास्तीचा कापा. चाकाच्या दोन्ही बाजूंना वॉशर हवेत, आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला स्प्लिट पिन. नळ्यांना खालून ६ मिमीची भोकं पाडली की आत शिरलेलं पाणी निथळतं. चौकटीवर फोम गुंडाळा.

तयार गाडी घेणार असाल तर कयाकच्या निचऱ्याच्या भोकांत दांडे घालायचा प्रकार शक्यतो टाळा. भार भोकांच्या कडांवर येतो, तिथे चीर पडते आणि पाणी झिरपू लागतं.

लादताना कयाकचं मागचं टोक जमिनीवर टेकवा, पुढचं टोक उचला आणि गाडी मध्याच्या किंचित मागे सरकवा. हातात ३-४ किलोच वजन राहिलं पाहिजे. एक पट्टा कयाकवरून आवळा. रॅचेट (खटक्या-खटक्याने आवळत जाणारी कळ) नको, साधं बकल बरं, कारण रॅचेटने तापलेलं प्लॅस्टिक दबतं. दुसरा पट्टा गाडीपासून पुढच्या हँडलपर्यंत ताणा. लोक हाच विसरतात, आणि चाक खळग्यात अडकलं की गाडी मागे घसरून कयाक वाळूत आपटते.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. दांड्याला तेल लावू नका, त्यात रेती चिकटून बुश झिजते. मेणबत्ती घासली तरी पुरे.