घर विक्रीला काढण्यापूर्वी दर्शनी दार पाहा

घर पाहायला आलेले कुटुंब बेल वाजवून उभे राहते, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दार, उंबरठा आणि पायरी एवढेच असते. म्हणून विक्रीपूर्वीचा पहिला खर्च दिवाणखान्यावर न करता इथे करावा, असे माझे ठाम मत आहे.

नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर या काळात लाकूड ओल धरून फुगते आणि दार चौकटीला घासू लागते. तेव्हा घाईने रंधा मारून घेऊ नये, कारण लाकूड आकसल्यावर तिथे फट राहते. ऑक्टोबरच्या उन्हात दार पूर्ण वाळू द्यावे, जुने पॉलिश आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे, भुकटी फडक्याने टिपून घ्यावी आणि मगच नव्या पॉलिशचे दोन पातळ हात द्यावेत. दाराची खालची कड पुष्कळदा कोरडीच सोडली जाते आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. कारागिराजवळ उभे राहून ती करून घ्यावी.

बिजागऱ्यांना तेल, पुसलेली नावाची पाटी आणि दारावरचा दिवा ही कामे अर्ध्या दिवसाची आहेत. पंचवटीतल्यासारख्या जुन्या घरापुढे काळ्या पाषाणाची पायरी असेल, तर तिच्यावर ऑइलपेंट मुळीच लावू नये. त्याने दगड निसरडा होतो. ताठ ब्रशने पाणी टाकून घासली, की ती आपल्या मूळ रंगातच उठून दिसते. दसऱ्याचे वाळलेले तोरण मात्र आधी उतरवावे.