गाय गाभडली की आधी घरच्यांची चौकशी करा

पशुवैद्यकीय पदवीला आलेल्या नव्या मुलांना मी पहिल्याच भेटीत विचारतो, रेबीजची लस घेतलीस का? कुत्रा चावल्यावरची नव्हे, आधीची. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि 21व्या किंवा 28व्या दिवशी. ही तीन इंजेक्शनं झाल्याशिवाय जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही. 'नीट' ही प्रवेश परीक्षा, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप, हे सगळं माहितीपत्रकात मिळेल. मी गोठ्यातलं सांगतो.

इंटर्नशिपला असताना गाभणपणाच्या सातव्या महिन्यात गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, एका गाईची वार (गर्भाभोवतीचं आवरण) आत अडकली होती. जवळ हातमोजे नव्हते. मी साबणाने खांद्यापर्यंत हात धुतला आणि तसाच आत घातला. वार निघाली, मालकाने चहा पाजला. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. दिवसा बरं वाटायचं, रात्री बनियन पिळावा इतका घाम, कंबर धरलेली. टायफॉइड समजून औषधं झाली. तुम्ही काम काय करता, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. शेवटी निघाला ब्रुसेलोसिस. ब्रुसेला जंतूंचा हा रोग, यानेच गाई गाभडतात आणि वार, कच्चं दूध यांतून तो माणसाला लागतो. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे.

तेव्हापासून गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाय गाभडल्याचा फोन आला की मी मोजे चढवता चढवता विचारतो, घरात कुणाला ताप येतो का? सांधे दुखतात का? धारोष्ण दूध कोण पितं? गाभडलेलं वासरू कुठे टाकलं? बहुतेकदा उत्तर येतं, उकिरड्यावर. तिथून कुत्री ते गावभर ओढत नेतात. म्हणून आधी खोल खड्डा आणि चुना, मग इंजेक्शन.

तपासणी साधी आहे. काचपट्टीवर गाईच्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचा, एक थेंब, शेजारी रोझ बंगाल या तपासणीच्या द्रावणाचा गुलाबी थेंब. काडीने ढवळायचं, पट्टी चार मिनिटं हलवत राहायची. रवाळ दाणे दिसले तर गाय बाधित धरायची आणि नमुना पुढच्या तपासणीला पाठवायचा.

2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देतात, आयुष्यात एकदाच. ती जिवंत जंतूंची आहे. कालवड उसळली आणि सुई आपल्याच बोटात गेली तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मागे एका घरी गाय बाधित निघाली. घरच्या ताईंना दोन महिने बारीक ताप होता. मी चिठ्ठी लिहून दिली: 'गाय ब्रुसेला बाधित, यांचं रक्त तपासावं.' त्यांचाही अहवाल तसाच आला, पण औषध लवकर सुरू झालं. मालक हळूच म्हणाले, "डॉक्टर, बाजारात काढून टाकू का?" मी तिथेच बसलो. विकली तर दुसऱ्याच्या दावणीला हाच रोग जाणार, आणि ठेवली तर चारा यांचाच. तासभर बोललो. गाय वेगळी बांधायची, विणार तेव्हा सगळ्यांपासून लांब, दूध उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागता कामा नये. त्यांनी ती ठेवली.