दूध तोडल्यावरची हगवण खाद्य बदलून आटोक्यात आली

डुकराची तीन आठवड्यांची पिल्लं आईपासून तोडली की थोड्याच दिवसांत पातळ हगवण लागायची. शेपटीखाली चिकटलेली पिवळट घाण, उभे राहिलेले केस. औषधानं तेवढ्यापुरतं थांबायचं. शेवटी खाद्यच तपासलं: प्रथिनं जवळजवळ सगळी सोयापेंडीतून येत होती.

या वयात जठरात आम्ल कमी बनतं. सोयाबीनमधली ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही प्रथिनं कोवळ्या आतड्याला सोसत नाहीत, आणि न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जंतूंचं खाद्य होतं.

सोयापेंड कमी केली, बंद नाही. पुढे तीच खायची आहे, सवय हवीच. उरलेली जागा व्हे पावडर (चीज करताना उरलेल्या पाण्याची भुकटी) आणि फिशमील (सुक्या माशांची भुकटी) यांनी भरली. फिशमीलला खवट वास आला तर सरळ परत करा, इथे तडजोड नको. एकूण प्रथिन २२ वरून १८ टक्क्यांवर आणलं, पण लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) वरून घातली, नाहीतर वाढ खुंटते. वाळवलेला प्लाझ्मा (जनावरांच्या रक्तातल्या द्रव भागाची भुकटी) महाग आहे. तरी त्यानं पिल्लं लवकर खायला लागतात, म्हणून पहिला आठवडा देतोच.

आता विष्ठा बांधीव असते. सोयापेंड हळूहळू वाढवत नेतो, आणि विष्ठा सैल दिसली की तिथेच थांबतो.